पडद्याआधीचे ताट, पडद्यानंतरची बैठक : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ब्रॉडवेच्या नाट्यगृहांविषयी लिहिताना न्यूयॉर्कच्या पश्चिम चव्वेचाळिसाव्या रस्त्यावरील ‘सार्डीज’ या उपाहारगृहाचा उल्लेख जाता जाता एका ओळीत आला होता. वाचकांच्या पत्रांचा ओघ मात्र त्या ओळीकडेच वळला. नाटक पाहणे आणि नाटकाच्या निमित्ताने एकत्र बसून जेवणे या दोन गोष्टी आपल्या मनात किती जवळ आहेत, हे त्या पत्रांवरून जाणवले, म्हणून या वेळचे सदर त्याच एका जागेसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि मे महिन्यात आम्ही तिच्याकडे जात आहोत. तिने आमच्यासाठी ब्रॉडवेच्या एका नाटकाची तिकिटे काढून ठेवली आहेत आणि जावईबापूंचा आग्रह आहे की त्या संध्याकाळी सार्डीजमध्येच जेवायचे. त्यांच्या एका मित्राचे म्हणणे मात्र असे की, ते आता पर्यटकांचे ठिकाण झाले असून तिथे नावाचे पैसे मोजावे लागतात. एवढा खर्च करून जावे असे तिथे काय आहे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जावयांचे ऐकावे असे मी मनापासून सांगेन. मित्राच्या बोलण्यात तथ्य नाही असे नव्हे. टाइम्स स्क्वेअरपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कोणत्याही जुन्या जागेत पर्यटक येणारच, आणि केवळ पाककौशल्य चाखायचे असेल तर त्या शहरात शेकडो दुसऱ्या जागा आहेत. पण एक धंदा म्हणून सुरू झालेली खानावळ एका संपूर्ण व्यवसायाचे घर कशी बनते, हे प्रत्यक्ष त्या घरात बसून पाहावयाचे असेल, तर सार्डीजच्या तोडीची जागा सहज सापडणार नाही.

व्हिन्सेंट सार्डी मूळचे इटलीच्या पिडमाँट भागातले. अमेरिकेत आल्यावर त्यांनी आधी दुसऱ्यांच्या उपाहारगृहांत वाढप्याची नोकरी केली आणि १९२१ साली पत्नी जेनी यांच्यासह पश्चिम चव्वेचाळिसाव्या रस्त्यावर २४६ क्रमांकाच्या घरात स्वतःची छोटी खानावळ काढली. जवळच ‘लिटल थिएटर’ हे नाट्यगृह होते, त्यावरून खानावळीचे नावही ‘द लिटल रेस्टॉरंट’ ठेवले गेले. गिऱ्हाइकांच्या तोंडी मात्र ते कधी बसले नाही. ती ‘सार्डीकडे जाऊ’ असेच म्हणत राहिली. तो अमेरिकेतील दारूबंदीचा काळ होता. १९२० पासून १९३३ पर्यंत मद्यविक्रीच्या नफ्यावर उपाहारगृह उघडपणे चालवण्याची सोय नव्हती. तेव्हा ताटात काय पडते, ते किती लवकर पडते आणि मालक कसा वागतो, यावरच धंद्याचे सारे गणित होते. तालमीतून थकून येणारे नट, नट्या, नृत्यपथकातल्या मुली, जाहिरातींचे काम करणारे आणि वृत्तपत्रांतले नाट्यसमीक्षक तिथे येऊ लागले ते या साध्या कारणांसाठी.

पुढे ज्या घरात ही खानावळ होती ती जागा नव्या नाट्यगृहासाठी मोकळी करण्याची वेळ आली. आज तिथे सेंट जेम्स थिएटर उभे आहे. ते १९२७ साली एर्लांगर या नावाने सुरू झाले. खानावळ उठली, पण नाट्यगृहांचे मालक असलेल्या शूबर्ट बंधूंनी त्याच रस्त्यावर चार पावलांवर बांधलेल्या नव्या इमारतीत सार्डी दांपत्याला जागा दिली आणि ५ मार्च १९२७ रोजी २३४ क्रमांकाला सार्डीज सुरू झाले. ते आजही तिथेच आहे. समोरच्या बाजूला ब्रॉडहर्स्ट आणि शूबर्ट ही नाट्यगृहे आहेत. जुने लिटल थिएटर आज हेस थिएटर या नावाने शेजारीच चालू आहे. सार्डीजचा दरवाजा उघडून तुम्ही रस्त्यावर उभ्या राहिलात तर मान फिरवली की नाट्यगृहांच्या पाट्या दिसतात. या जवळिकीचा उलगडा झाल्याशिवाय सार्डीजचे महत्त्व कळत नाही.

नाटकाचा धंदा सर्वत्र सारखाच अस्थिर. चार महिने काम, आठ महिने वाट पाहणे. ज्यांच्या हाताला काम नसे अशा नटांना सार्डी जेवू घालत आणि रक्कम खात्यावर मांडून ठेवत. नाटक मिळाले की नट येऊन उधारी फेडत. त्यांचे चिरंजीव व्हिन्सेंट सार्डी धाकटे यांनी १९४७ साली कारभार हाती घेतल्यावरही हीच रीत चालू ठेवली, आणि व्यावसायिक नटांसाठी कमी दरांचे वेगळे मेनूकार्डही ठेवले. लोक त्यांना आपुलकीने ब्रॉडवेचे बिनसरकारी महापौर म्हणत. नाट्यव्यवसायाने ही उधारी मनातही मांडून ठेवली होती, याचा पुरावा टोनी पुरस्कारांत सापडतो. अँटोनेट पेरी या अभिनेत्री-दिग्दर्शिकेचे १९४६ साली निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ पुरस्कार सुरू करावेत ही कल्पना त्यांचे व्यावसायिक भागीदार ब्रॉक पेम्बर्टन यांना सार्डीजमध्ये दुपारचे जेवण घेत असताना सुचली, असे सांगितले जाते. १९४७ साली पहिले टोनी पुरस्कार दिले गेले, तेव्हा नट, नाटककार आणि दिग्दर्शक यांच्या बरोबरीने थोरल्या व्हिन्सेंट सार्डी यांनाही खास पुरस्कार देण्यात आला. रंगभूमीवरच्या माणसांना वीस वर्षे आसरा दिला, हे त्यामागचे कारण. एका खानावळवाल्याला नाट्यक्षेत्राच्या सर्वोच्च सन्मानात पहिल्याच वर्षी जागा मिळावी, ही गोष्ट मला त्या जागेच्या सगळ्या कीर्तीहून मोठी वाटते.

आता शुभारंभाच्या रात्रींविषयी. या एका प्रथेमुळे सार्डीजचे नाव जगभर गेले आणि त्यामागे भूगोल होता. न्यूयॉर्क टाइम्सची कचेरी १९१३ पासून २००७ पर्यंत पश्चिम त्रेचाळिसाव्या रस्त्यावर २२९ क्रमांकाला होती. ही कचेरी आणि सार्डीज या दोन्ही वास्तू त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस या दोन रस्त्यांमधल्या एकाच पट्टीत, जवळजवळ पाठीला पाठ लावून उभ्या. छापखानाही कित्येक दशके त्याच इमारतीत. नव्या नाटकाचा पहिला प्रयोग संपला की समीक्षक टाळ्या संपण्याची वाट न पाहता खुर्ची सोडत, कचेरी गाठत आणि तासाभरात परीक्षण लिहून देत. तोवर नाटकातली मंडळी चेहऱ्यावरचा रंग पुसून सार्डीजमध्ये जमत. मुख्य नट किंवा नटी दारातून आत आली की बसलेले लोक उभे राहून टाळ्या वाजवत. मग जेवण मागवले जाई, पण लक्ष कोणाचेच ताटात नसे. मध्यरात्रीच्या सुमारास ताज्या अंकाच्या प्रती आत येत. परीक्षण चांगले असेल तर पहाटेपर्यंत मैफल रंगे. वाईट असेल तर माणसे एकेक करून आपापले कोट उचलून निघून जात आणि निर्माता हिशेब करीत एकटाच बसून राही. पुढे समीक्षक आधीच्या खास प्रयोगांना येऊ लागले, लिहिण्यासाठी त्यांना सवड मिळू लागली, आणि आता तर परीक्षण प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर उमटते. प्रथेचा जीव त्यामुळे गेला असला तरी शुभारंभानंतरच्या मेजवान्या सार्डीजमध्ये अजूनही होतात.

मधल्या काळात ही जागा अडचणीतही आली. धाकट्या सार्डी यांनी १९८५ साली ती विकली, नव्या मालकांना ती चालवता आली नाही, आणि सार्डी काही वर्षांनी परत आले. २००७ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, ते वारले. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे ब्रॉडवे बंद झाले तेव्हा सार्डीजही बंद झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा उघडले. नाट्यगृहांशिवाय त्याला दुसरे आयुष्य नाही, हे त्या पावणेदोन वर्षांत सर्वांना दिसले.

तेव्हा, बाई, तुम्ही जा. आणि जेवणाचा हिशेब मांडताना त्यात नाटकाच्या तिकिटाचाही एक अंश धरा, म्हणजे तो जड वाटणार नाही.

प्रश्न : मी चित्रकला शिकवतो. सार्डीजच्या भिंतींवर नटांची शेकडो अर्कचित्रे आहेत असे आपण लिहिले होते. ती कोणी काढली, आणि त्यांचा दर्जा कसा आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नव्या जागेत आल्यावर सुरुवातीला धंदा मंदावला होता आणि गिऱ्हाईक आत यावे यासाठी सार्डी काहीतरी शोधत होते. पॅरिसमध्ये जो झेली यांच्या रंजनगृहात भिंतींवर नामवंतांची अर्कचित्रे लावलेली असत, ते त्यांना आठवले. त्याच सुमारास अ‍ॅलेक्स गार्ड नावाचा रशियातून परागंदा झालेला चित्रकार त्यांच्याकडे येऊ लागला होता. दोघांत करार झाला : गार्ड यांनी अर्कचित्रे काढावीत आणि त्याच्या मोबदल्यात सार्डी यांनी त्यांना रोज जेवण द्यावे. करारात आणखी एक अट होती आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. चित्राबद्दल सार्डी यांनी तक्रार करायची नाही आणि जेवणाबद्दल गार्ड यांनी तक्रार करायची नाही. धाकट्या सार्डी यांनी पुढे अटी बदलून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा गार्ड यांनी नकार दिला आणि १९४८ साली मरण येईपर्यंत ते जेवणाच्याच बोलीवर चित्रे काढत राहिले. त्यांच्या हातून तिथे सातशेहून अधिक चित्रे झाली.

गार्ड यांची रेषा निर्दय आहे. नाक मोठे असेल तर ते अर्धा कागद व्यापते. हनुवटी नसेल तर ती अजिबातच नाहीशी होते. डोळ्यांखालच्या पिशव्या, दातांतली फट, विरळ केस यांपैकी काहीही सुटत नाही. तरीही माणूस चटकन ओळखू येतो, कारण विरूपणाच्या मुळाशी निरीक्षण पक्के आहे. चित्र ज्याचे असे त्यानेच त्यावर सार्डी यांना उद्देशून चार शब्द लिहून सही करायची, अशी पद्धत पडली. आपल्या चेहऱ्याची अशी दशा पाहूनही त्याखाली प्रेमाने सही करणारे नट आणि त्यांच्याकडून ती सही मागून घेणारा मालक, हे नाते मला चित्राइतकेच पाहण्यासारखे वाटते.

गार्ड यांच्यानंतर आलेल्या चित्रकारांपैकी डॉन बेव्हन यांनी १९७४ पर्यंत हे काम केले. ते स्वतः नाटककारही होते. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते आणि त्या अनुभवावर सहलेखकासह लिहिलेले त्यांचे नाटक १९५१ साली ब्रॉडवेवर गाजले. त्यांच्यामागून हे काम रिचर्ड बारात्झ यांच्याकडे आले. त्यांचा मूळ व्यवसाय चलनी नोटांच्या साच्यांवर कोरीव काम करण्याचा, आणि त्यांच्या चित्रांत तो हात ओळखू येतो. गार्ड एका फटकाऱ्यात जे सांगत, ते बारात्झ बारीक, सावध रेषांच्या जाळ्यातून उभे करतात. आपल्या विद्यार्थ्यांना या दोघांची चित्रे शेजारी शेजारी दाखवता आली, तर रेषेविषयीचा एक पूर्ण धडा होईल. १९७९ साली सार्डीजने आपल्या संग्रहातील २२७ चित्रे न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रयोगकला विभागाच्या संग्रहास दिली. हा विभाग लिंकन सेंटर येथे आहे. अभ्यासाच्या दृष्टीने जाणाऱ्यांनी तिकडेही चौकशी करावी.

मी पहिल्यांदा गेलो तो बुधवारच्या दुपारच्या प्रयोगानंतर. चौकटी काळ्या, भिंत गडद लाल, आणि चौकटींच्या रांगा छतापर्यंत अशा चढलेल्या की वरच्या ओळीतले चेहरे पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागे. शेजारच्या टेबलावर एक वृद्ध जोडपे होते. जेवण येईपर्यंत त्या बाई उठून भिंतीजवळ गेल्या आणि बोट काचेला न लावता, इंचभर अलीकडून, एकेका चौकटीवरून पुढे सरकवीत राहिल्या. त्या कोणालातरी शोधत होत्या. मरून रंगाच्या कोटातला वयस्क वाढपी हातातले तबक तसेच धरून त्यांच्यापाशी थांबला, त्यांनी नाव सांगितले, आणि त्याने क्षणभरही विचार न करता समोरच्या भिंतीवरची चौथी ओळ दाखवली. बाई तिथे जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचे सूप निवले, पण ना त्यांनी घाई केली, ना वाढप्याने.

प्रश्न : सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. मराठी रंगभूमीला एवढा मोठा इतिहास असताना आपल्याकडे सार्डीजसारखी एकही जागा का निर्माण झाली नाही? आपल्या उपाहारगृहवाल्यांना नाटकाची कदर नाही, असे समजायचे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तसे समजणे अन्यायाचे होईल. कारण कदरीत नसून आपल्या रंगभूमीच्या चालीत आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली आपल्याच गावी ‘सीतास्वयंवर’ केले, आणि तेव्हापासून मराठी नाटक फिरते राहिले. नाटक मंडळी म्हणजे एक चालते बिऱ्हाड असे. पडदे, पेट्या, तबला, नट, त्यांची मुले, आणि त्यांच्याबरोबर कंपनीचा आचारी व त्याची भांडी. गावात मुक्काम पडला की पहिल्यांदा चूल पेटे. जेवण कंपनीच्या पंगतीत होई, मालक आणि नट एका ओळीत बसत. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या पंगतींचा थाट तर प्रसिद्धच होता. ज्यांच्या घरातच पंगत उठते ते बाहेरच्या खानावळीत उधारीचे खाते का उघडतील? सार्डी जे काम करीत, ते आपल्याकडे कंपनीचा मालकच करीत असे, आणि पुष्कळदा ते करता करताच तो कर्जात बुडे.

बोलपट आले, कंपन्या बंद पडल्या, आणि पुढे व्यावसायिक नाटक मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर जाऊ लागले. त्याचेही स्वरूप पाहा. ब्रॉडवेवरचे नाटक एकाच नाट्यगृहात आठवड्याला आठ प्रयोग, आणि चालले तर वर्षानुवर्षे, असे होते. नट रोज त्याच रस्त्यावर येतो, त्याच दारातून आत जातो, त्याच वेळेला मोकळा होतो. खानावळीशी त्याचे नाते जुळायला आणि उधारी फिटायला हे स्थैर्य लागते. आपला नट शनिवारी दुपारी ठाण्याला, रात्री दादरला आणि रविवारी पुण्याला असतो. दोन प्रयोगांच्या मध्ये तो मेकअपच्या खोलीत घरचा डबा खातो, आणि दौऱ्यावर असेल तर रात्री एक वाजता नाटकाची बस ज्या ढाब्यापाशी थांबेल तिथे जेवतो. प्रेक्षकाचेही तसेच. रात्री साडेआठचा प्रयोग साडेअकराला सुटला की त्याला शेवटच्या गाड्यांची काळजी लागते. निवांत बसून नाटकावर बोलायला त्याच्याकडे तासभरही नसतो. म्हणून आपली नाट्यगृहातली मैफल मध्यंतरात, गरम बटाटेवड्याच्या भोवती, पंधरा मिनिटांत उरकते. त्या पंधरा मिनिटांत होणारी नाटकाची चिरफाड सार्डीजमधल्या चर्चेहून कमी जाणकार असते असे मात्र मला कधी वाटले नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याला करता आली असती आणि अजूनही करता येईल. ज्या उपाहारगृहांत नटमंडळी वर्षानुवर्षे येत राहिली, त्यांच्या मालकांनी त्यांच्या सह्या, छायाचित्रे, अर्कचित्रे जपायला हवी होती. आपल्याकडे उत्तम अर्कचित्रकार होते आणि आहेत. पुष्कळ जुन्या खानावळी नूतनीकरणात गेल्या आणि भिंतींवर जे काही थोडे होते तेही गेले. याची मला मनापासून खंत आहे.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. कपडे कसे घालावे लागतात, टेबल किती आधी सांगावे लागते, आणि टिप किती द्यायची? चुकले तर लाज वाटू नये, एवढीच इच्छा. (एक वाचक, पुणे)

उत्तर : लाज वाटण्याचे काही कारण नाही, तिथे येणारी निम्मी माणसे पहिल्यांदाच आलेली असतात. तरी थोडे सविस्तर सांगतो, कारण याच बाबतीत मी स्वतः फसलो आहे.

सर्वांत महत्त्वाची वेळ. ब्रॉडवेवर रात्रीचे प्रयोग बहुधा सात किंवा आठ वाजता असतात, आणि दुपारचे प्रयोग बुधवार, शनिवार, रविवारी. आठच्या प्रयोगासाठी साडेपाचला टेबल सांगून ठेवावे आणि बसल्या बसल्या, पाणी येण्याच्याही आधी, वाढप्याला सांगावे की आमचा प्रयोग अमुक वाजता, अमुक नाट्यगृहात आहे. या भागातल्या वाढप्यांना प्रत्येक नाट्यगृहाची वेळ पाठ असते आणि ते त्या हिशेबाने ताटे पुढे करतात. मी एकदा त्याच परिसरातल्या दुसऱ्या एका उपाहारगृहात हे सांगायला विसरलो. पावणेआठला बिल मागितले, तर त्याच क्षणी सगळ्या खोलीनेच बिल मागितले होते. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा पडदा उघडला होता आणि योग्य जागा येईपर्यंत दाराशी अंधारात उभे राहावे लागले. आपल्यासारखी तिसरी घंटा होईपर्यंत तिथे सैलपणा नसतो. उशिरा आलेल्याला नाटकात फट सापडेल तेव्हाच आत सोडतात.

तुम्हाला घाई आवडत नसेल तर दुपारचा प्रयोग पाहून पाचच्या सुमारास जेवायला जावे. नाटक डोक्यात ताजे असते, गर्दी नुकतीच सुरू होत असते, आणि भिंतींकडे पाहायला वेळ मिळतो. माझी स्वतःची पसंती यालाच आहे.

शाकाहाराविषयी टेबल सांगतानाच बोलून ठेवावे. नुसते ‘आम्ही शाकाहारी’ म्हणणे पुरत नाही, कारण तिकडे मासे खाणारेही स्वतःला कधी कधी शाकाहारी म्हणवतात. मांस नको, मासे नकोत, अंडे चालते की नाही, असे स्पष्ट सांगावे. भाज्यांचे सूप असले तरी ते कोंबडीच्या किंवा हाडांच्या पाण्यात शिजवलेले असू शकते, म्हणून तेवढे विचारून घ्यावे. सार्डीजच्या नावाशी जोडलेला जुना पदार्थ म्हणजे कॅनेलोनी. पास्त्याच्या गुंडाळीत सारण भरून वरून सॉस घालून भाजलेला हा पदार्थ मांसाचा आहे, तेव्हा नाव इटालियन आहे म्हणून तो मागवू नये. तुमच्यापैकी कोणी अंडे खात असेल तर बेक्ड अलास्का हे गोड मात्र जरूर चाखावे. त्यात आइस्क्रीमवर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे जाड आवरण असते आणि ते वरून भाजलेले असते. आतला गारवा तसाच राहतो.

कपड्यांबाबत फार विचार करू नये. पूर्वी तिथे नटूनथटून जाण्याची रीत होती. आता स्वच्छ, नीटनेटका पोशाख पुरतो. आपली काठापदराची साडी किंवा कुर्ता-जाकीट तिथे अतिशय शोभून दिसते. सोबत शाल मात्र असू द्यावी, कारण उपाहारगृहे आणि नाट्यगृहे दोन्ही फार थंड ठेवलेली असतात.

टिप ही तिकडे ऐच्छिक बक्षिसी नसून वाढप्याच्या मिळकतीचा मोठा भाग असते. १८ ते २० टक्के देण्याची रीत आहे. न्यूयॉर्क शहरात जेवणाच्या बिलावर ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो. बिलावर छापलेल्या कराच्या आकड्याची दुप्पट केली आणि त्यात किंचित भर घातली की टिपेची रक्कम तयार होते. शंभर डॉलरच्या जेवणावर कर सुमारे नऊ डॉलर, म्हणून टिप अठरा ते वीस. मोठ्या मंडळींचे बिल असेल तर टिप आधीच धरलेली असू शकते, तेवढे पाहून घ्यावे.

प्रश्न : तिथे गेल्यावर नट खरोखर दिसतात का? दिसले तर त्यांच्याशी बोलणे किंवा फोटो मागणे योग्य ठरेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खात्री कोणीच देऊ शकत नाही. प्रयोगाआधी तर दिसणे कठीणच, कारण त्या वेळी ते रंगपटात असतात. प्रयोग सुटल्यावर, दहा-साडेदहानंतर, शक्यता अधिक. जेवणाऱ्या माणसाला ताटावरून उठवू नये, हा आपल्याकडचा संस्कार तिथेही पाळावा. नजरानजर झाली तर हात जोडून नाटक आवडल्याचे सांगावे आणि पुढे व्हावे. सही हवी असेल तर नाट्यगृहाच्या नटांच्या दारापाशी थांबावे. तिथे नट बाहेर येऊन प्रेक्षकांच्या कार्यक्रमपत्रिकांवर सह्या करतात, तो रिवाजच आहे.

एक करता येईल. सार्डीजच्या दुसऱ्या मजल्यावर एक बार आहे आणि त्याच्या खिडक्या चव्वेचाळिसाव्या रस्त्यावर उघडतात. मद्य घेत नसाल तरी तिथे कॉफी किंवा सरबत घेऊन बसता येते. रात्री दहाच्या सुमारास खिडकीजवळची खुर्ची मिळाली तर घ्यावी. थोड्याच वेळात खालच्या रस्त्यावर एकामागून एक नाट्यगृहांची दारे उघडतात आणि फूटपाथ माणसांनी भरून जातो. त्यांतली काही माणसे बोलत बोलत रस्ता ओलांडून तुमच्याच दाराकडे येतात.